वाचताना खरोखर आवाज फुटला, अशी पुस्तके

खूणपान

विनोदी पुस्तकांच्या याद्यांवर माझा फारसा विश्वास नाही. यादी मागितली की माणूस विनोदी म्हणून प्रसिद्ध असलेल्या पुस्तकांची नावे लिहून मोकळा होतो, आणि ती वाचताना आपण स्वतः हसलो होतो की नुसतीच मान डोलावली होती, हे त्याला आठवतही नसते. गालातल्या गालात हसवणारी पुस्तके पुष्कळ आहेत व त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण हा धागा त्यांच्यासाठी नाही. एकटे बसून, मनातल्या मनात वाचत असताना, आजूबाजूला कोण आहे याचे भान सुटून तोंडातून प्रत्यक्ष आवाज फुटला, असे पुस्तक कोणते, एवढेच येथे लिहावे. नुसते नाव सांगून मात्र थांबू नये. आवाज नेमका कोणत्या जागी फुटला आणि आधीच्या पानांनी त्याची काय तयारी करून ठेवली होती, हेही सांगावे.

सेर्व्हांतेसच्या ‘डॉन क्विक्झोट’विषयी एक जुनी आख्यायिका आहे. स्पेनचा राजा तिसरा फिलिप सज्जात उभा असताना त्याला दूरवर एक विद्यार्थी दिसला. तो हातातले पुस्तक वाचता वाचता मध्येच थांबे, कपाळावर हात मारून घेई आणि एकटाच खदखदून हसे. राजा म्हणाला, की हा मुलगा एक तर वेडा असावा किंवा ‘डॉन क्विक्झोट’ वाचत असावा. पुस्तकाचा पहिला भाग १६०५ सालचा आहे. आख्यायिका खरी असो वा खोटी, माझी कसोटी त्या विद्यार्थ्याची आहे : दुरून पाहणाऱ्याला आपल्या डोक्याविषयी शंका आली पाहिजे.

सुरुवात माझ्यापासून करतो. जेरोम के. जेरोम यांचे ‘थ्री मेन इन अ बोट’ (१८८९), पहिलेच प्रकरण. निवेदक एका किरकोळ दुखण्यावर उपाय शोधायला ब्रिटिश म्युझियममध्ये जातो, वैद्यकाचा एक ग्रंथ उघडतो आणि सहज चाळता चाळता कुठल्याशा भयंकर रोगाची लक्षणे वाचून आपल्याला तोच रोग झाला आहे, अशी त्याची खात्री पटते. मग दुसरा रोग, मग तिसरा. अखेर तो वर्णक्रमाने सगळा ग्रंथ पालथा घालतो. येथवर मी नुसता हसऱ्या चेहऱ्याने वाचत होतो, कारण गाडी कुठे चालली आहे याचा अंदाज आला होता. पण शेवटी त्याच्या लक्षात येते, की एवढ्या मोठ्या ग्रंथातला एकच रोग आपल्याला झालेला नाही. तो म्हणजे सतत गुडघे टेकून फरशी पुसणाऱ्या मोलकरणींना होणारे गुडघ्याचे दुखणे. आणि याचे त्याला वाईट वाटते! आपल्यालाच का वगळले, म्हणून तो मनातून दुखावतो. तेथे माझा आवाज फुटला. मी अभ्यासिकेत बसलो होतो. समोरच्या गृहस्थांनी आधी माझ्याकडे पाहिले, आणि मग पुस्तकाचे नाव वाचण्यासाठी हळूच मान तिरकी केली.

दुसरी आवृत्ती

आपण त्या पुस्तकाचे नाव घेतले नसते तर मी घेतले असते. फक्त माझी जागा तिसऱ्या प्रकरणातली आहे, पॉजर काकांनी भिंतीवर तसबीर लावण्याची.

प्रसंग ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगते. घरात एक तसबीर आणून ठेवलेली आहे आणि ती कोणी लावायची, असा प्रश्न निघताच काका म्हणतात, की ते माझ्यावर सोपवा. त्यानंतर घरातला एकही माणूस मोकळा राहत नाही. एकाला खिळे आणायला, दुसऱ्याला त्याच्यामागे खिळ्यांचे माप सांगायला, तिसऱ्याला हातोडीसाठी, कोणाला शिडीसाठी, कोणाला दिवा धरायला पाठवले जाते. मग तसबीर हातातून निसटते, काच फुटते, काकांचे बोट कापते, आणि रुमाल कोटाच्या खिशात असल्यामुळे सगळे घर काम टाकून कोट शोधू लागते. कोट सापडतो तो काका उठून उभे राहतात तेव्हा, कारण ते त्याच्यावरच बसलेले असतात. यावर त्यांनी खजील व्हायला हवे होते. उलट ते म्हणतात, की तुम्हा लोकांच्या भरवशावर राहण्यापेक्षा मांजराला सांगितलेले बरे.

माझ्या वडिलांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले होते आणि तिसऱ्या दिवशी त्यांना कंटाळा येऊ लागला, म्हणून मी त्यांच्या खाटेजवळ बसून हे प्रकरण मराठीत सांगत सांगत वाचू लागले. टाके ताजे होते आणि हसले की ओढ बसत होती, याचा मला पत्ता नव्हता. खिळ्यांपर्यंत ते शांत होते. कोटाची शोधाशोध सुरू झाली तसा त्यांनी एक हात पोटावर ठेवला. काका कोटावरून उठले, तेव्हा वडिलांनी डोळे मिटून घेतले, दुसरा हातही पोटावर दाबला आणि दाताखाली ओठ धरून “बंद कर, बंद कर” असे म्हणाले. मी घाबरून पुस्तक मिटले. मिनिटभर खोलीत काहीच आवाज नव्हता. मग त्यांनी डोळे न उघडता विचारले, “मग तसबीर लागली का?”

लागली, पण मध्यरात्रीच्या सुमारास आणि वाकडी. तोवर काका एकदा तोल जाऊन पियानोवर पडलेले असतात आणि सगळ्या पट्ट्या एकदम वाजलेल्या असतात. हा भाग मी वडिलांना टाके काढल्यानंतर वाचून दाखवला.

माझ्या मते येथे हसू येते ते काकांच्या फजितीमुळे येत नाही. एवढे होऊनही त्यांना आपली फजिती झाली असे क्षणभरही वाटत नाही, याचे ते हसू आहे. प्रत्येक घरात एक पॉजर असतो, आणि ज्या घरात तो सापडत नाही तेथे आपणच तो असण्याची शक्यता फार.

शुद्धिपत्र

धाग्याच्या अटीत मी बसत नाही, तरी लिहितो. मी भरपूर वाचतो, विनोदीही वाचतो, पण एकट्याने वाचताना मला आजवर एकदाही मोठ्याने हसू आलेले नाही. यात मला काही उणीव वाटत नाही, उलट हेच स्वाभाविक असावे असे वाटते. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हसण्याचा पुष्कळ अभ्यास केला. त्याच्या पाहणीत माणसे एकटी असताना जितकी हसत, त्याच्या सुमारे ३० पट अधिक ती इतरांच्या सोबतीत हसत. त्याचे आणखी एक निरीक्षण असे, की गप्पांमध्ये बहुतेक हसणे विनोदावर होतच नाही. अगदी साध्या, सपाट वाक्यांवर लोक हसतात. याचा अर्थ मी असा घेतो, की हसणे हा मुळात माणसामाणसांतला व्यवहार आहे. एकट्या वाचकाच्या तोंडून आवाज फुटणे हा अपवाद, आणि अपवादांची स्पर्धा लावण्यात मला तितकासा अर्थ दिसत नाही. वडिलांचा प्रसंगही पाहा : तेथे हसण्यासाठी दोन माणसे होती.

समास

शुद्धिपत्र यांच्या आक्षेपामुळे माझ्या मनात बरीच वर्षे अडकलेला एक प्रश्न बाहेर निघाला. पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांवर मी हसतो, की त्यांच्या आवाजावर?

माझ्या पिढीतल्या अनेकांप्रमाणे मी ‘बटाट्याची चाळ’ आधी ऐकली आणि मग वाचली. पुस्तक १९५८ सालचे; १९६१ पासून पुलं त्याचा एकपात्री प्रयोग करू लागले, आणि पुढे ध्वनिमुद्रणे घरोघरी पोचली. आज मी पुस्तक उघडतो तेव्हा डोळे अक्षरांवरून फिरतात खरे, पण कानात तो आवाज चालू असतो. कुठे थांबायचे, कुठल्या शब्दावर किंचित नाकात बोलायचे, कुठे श्रोत्यांना हसून घ्यायला वेळ द्यायचा, हे सगळे ठरलेले असते. मग मी जो हसतो तो एकट्याने हसतो, असे कसे म्हणावे? माझ्यासोबत एक अख्खे नाट्यगृह हसत असते.

म्हणून मी एक प्रयोग केला. पुलंचे जे लेखन मी कधीही कोणाच्या आवाजात ऐकलेले नाही, तेवढेच काढून वाचले. ‘मराठी वाङ्मयाचा (गाळीव) इतिहास’ हे त्यातले एक. विद्वज्जड वाङ्मयेतिहासाचा आव आणून लिहिलेले हे पुस्तक आहे, आणि ज्याने परीक्षेसाठी खरे वाङ्मयेतिहास घोकले आहेत त्याला ते फारच झोंबते. हसलो का? हो, पण तो आवाज वेगळा होता. नाकातून सुटलेला, आखूड. ‘चाळी’तल्या ‘उपास’ या लेखावर मात्र मी आजही पहिल्यासारखाच हसतो. निवेदक वजन कमी करायला निघतो आणि चाळीतला जो भेटेल तो त्याला काहीतरी सोडायला सांगतो. एकाचे सोडून होत नाही तोच दुसरा आणखी काही सोडायला लावतो, आणि सगळ्यांचे ऐकायचे तर जगणेच सोडावे लागेल अशी पाळी येते. हा लेख ज्याने कधी ऐकलेला नाही अशा माझ्या भाचीला मी वाचायला दिला. ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो, हे कबूल करायला थोडे ओशाळल्यासारखे होते, पण ती हसली, आणि मी हसतो त्याच्या दोन ओळी आधी हसली.

तेव्हा मजकुरातच काही तरी आहे. काय आहे, ते मला नीट सांगता येत नाही. आपणांपैकी कोणाला सांगता आले तर पाहावे.

मलपृष्ठ

पी. जी. वुडहाउस, ‘राइट हो, जीव्ह्ज’ (१९३४), शाळेतला बक्षीस समारंभ. गसी फिंक-नॉटल हा पाणसरड्यांखेरीज कशातही रस नसलेला, संत्र्याचा रस पिणारा बुजरा तरुण. त्याच्या नकळत त्याच्या रसात मद्य मिसळले जाते, तेही दोघांकडून वेगवेगळे, आणि त्याआधी त्याने स्वतःच धीर येण्यासाठी थोडे घेतलेले असते. मग तो व्यासपीठावर उभा राहून मुलांना बक्षिसे वाटतो आणि धर्मग्रंथाच्या ज्ञानाचे बक्षीस मिळवणाऱ्या मुलावर जाहीरपणे लबाडीचा संशय घेतो.

मी बसमध्ये होतो. पुस्तक मिटून खिडकीबाहेर पाहत राहिलो, तरी खांदे हलायचे थांबेनात. शेजारच्या बाईंना मी रडतो आहे असे वाटले आणि त्यांनी मला पाण्याची बाटली दिली.

खूणपान

समास यांच्या प्रश्नाला माझ्याकडून एक अर्धेमुर्धे उत्तर.

आतापर्यंत ज्या जागा सांगितल्या गेल्या त्या एकत्र ठेवून पाहिल्या तर त्यांतल्या बहुतेक ठिकाणी गोष्ट ‘मी’ सांगतो आहे. जेरोमचा निवेदक, वुडहाउसचा बर्टी वूस्टर, चाळीतला उपासकरी. आणि यांतल्या एकालाही आपण काही विनोदी सांगतो आहोत असे वाटत नाही. ते अगदी गांभीर्याने, जणू तक्रार नोंदवावी किंवा साक्ष द्यावी तसे सांगत असतात. आपल्या मराठीत याचा सर्वांत सुरेख नमुना मला चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावात दिसतो. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ आणि ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ ही १९३०च्या दशकातली पुस्तके. चिमणराव हा साधा, भित्रा, बऱ्यापैकी प्रामाणिक कारकून, आणि त्याचा भाऊबंद गुंड्याभाऊ हा अंगाने धिप्पाड व धाडसाची हौस असलेला. चिमणराव आपल्या घरातले पराभव ज्या सुरात सांगतो तो सूर इतिवृत्त लिहिणाऱ्या माणसाचा आहे. कोठेही तो आपल्याकडे पाहून डोळा मारत नाही, आणि शब्दही साधेच वापरतो. मला फार दिवसांनी कळले, की चिं. वि. हे बडोद्याच्या महाविद्यालयात पालीचे अध्यापक होते आणि बौद्ध वाङ्मयाचे व्यासंगी होते. कळल्यावर आश्चर्य मात्र वाटले नाही. इतक्या शांतपणे माणसाचा मूर्खपणा न्याहाळायला काहीतरी साधना लागत असणारच.

हाच प्रकार टोकाला नेलेला पाहायचा असेल तर स्यू टाउनसेंड यांची ‘एड्रियन मोल’ची पहिली रोजनिशी (१९८२) वाचावी. लिहिणारा मुलगा पावणेचौदा वर्षांचा, आणि आपण विचारवंत आहोत अशी त्याची ठाम समजूत. त्याच्या आईवडिलांचे बिनसले आहे आणि शेजारचा माणूस घरी वारंवार का येतो, हे वाचकाला पहिल्या काही पानांतच उमगते. रोजनिशी लिहिणाऱ्याला मात्र स्वतःच्या हनुवटीवरच्या पुटकुळीची आणि बीबीसीला पाठवलेल्या कवितांची काळजी अधिक असते. त्याला जे दिसत नाही ते आपल्याला दिसते, आणि त्याला ते सांगण्याची काही सोय नसते. मला वाटते, आवाज फुटतो तो याच कोंडीतून. समोर खरा माणूस असता तर आपण त्याला थांबवले असते, निदान खाकरलो असतो. पुस्तकातल्या माणसाला थांबवता येत नाही, म्हणून मग हसणेच उरते.

शुद्धिपत्र

माझ्याच प्रतिसादाचे शुद्धिपत्र मला द्यावे लागत आहे. खूणपान यांचे म्हणणे वाचून मी प्रोव्हाइनचा तो भाग पुन्हा काढून पाहिला. ३० पटींचा आकडा बरोबर आहे, पण तो मांडताना त्याने एक अट घातली आहे, जी मी गाळली होती. एकटेपण मोजताना त्याने दूरदर्शन, रेडिओ किंवा पुस्तक यांपैकी काही सोबत असल्याचे प्रसंग बाजूला ठेवले आहेत. म्हणजे त्याच्या हिशेबात हातात पुस्तक असलेला माणूस पुरता एकटा धरलेलाच नाही. पुस्तक ही एक प्रकारची सोबतच आहे, असे त्याने मानले.

हा आकडा मी आपल्या विरुद्ध वापरला होता, तो आता आपल्या बाजूने गेला. मला स्वतःला अजून हसू आलेले नाही, हे मात्र कायम आहे.

अनुक्रमणिका

मी या धाग्यावर थोडी कटकट करणार आहे, ती गोड मानून घ्यावी.

मोठ्याने हसवणारी म्हणून लहानपणी डोक्यावर घेतलेली काही पुस्तके मी अलीकडे पुन्हा वाचली आणि हसू येण्याऐवजी अंग चोरून घ्यावेसे वाटले. राम गणेश गडकरी यांनी ‘बाळकराम’ या नावाने लिहिलेले लेख हे त्याचे ठळक उदाहरण. गडकऱ्यांची कल्पनाशक्ती अचाट होती यात वाद नाही. एका उपमेच्या खांद्यावर दुसरी उपमा, तिच्यावर तिसरी, असा तो मनोरा ते कोसळेपर्यंत चढवत नेतात, आणि निव्वळ भाषेच्या दांडगाईने आजही हसवतात. पण ठकीसाठी वर शोधण्याची जी मोहीम आहे, तिच्यातला पुष्कळसा विनोद त्या मुलीच्या रूपावर उभा आहे, आणि ती बिचारी सबंध लेखमालेत स्वतःहून जवळजवळ काही बोलतच नाही. शाळकरी वयात मी हसले होते. आता ती कोपऱ्यात कुठेतरी उभी राहून हे सगळे ऐकते आहे, असे वाटत राहते. गडकऱ्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचे ‘सुदाम्याचे पोहे’ या बाबतीत अधिक टिकले आहे, कारण त्यांचा रोख व्यक्तीच्या अंगावर कमी आणि समाजाच्या रूढींवर जास्त आहे. जुन्या समजुतींची बाजू घेण्याचा आव आणून ते त्यांची पाळेमुळे खणतात. पण खरे सांगायचे तर त्यांच्यावर आवाजी हसू येत नाही. डोके वापरावे लागते, आणि डोके चालू असताना पोट हसत नाही.

आंरी बेर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० साली हास्यावर जे पुस्तक लिहिले, त्यात तो म्हणतो, की हसण्यासाठी हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते. मला हे पटते, आणि म्हणूनच कोणाच्या बाबतीत ते बधिर होऊ द्यायचे, हा प्रश्न पडतो. पॉजर काकांच्या बाबतीत मी ते खुशाल होऊ देते. ठकीच्या बाबतीत आता जमत नाही.

बधिर न होताही हसवणारे एक पुस्तक मला माहीत आहे, म्हणून ही कटकट येथेच थांबवते. जेराल्ड डरेल, ‘माय फॅमिली अँड अदर ॲनिमल्स’ (१९५६). कोर्फू बेटावर राहायला आलेले इंग्रज कुटुंब आणि त्यातला धाकटा, प्राणिवेडा मुलगा. त्याने पाठीवर पिल्ले घेतलेली एक विंचवीण आगपेटीत घालून घरात ठेवलेली असते, आणि जेवणानंतर सिगारेट पेटवायला म्हणून थोरला भाऊ नेमकी तीच पेटी उचलतो. पेटी हातात घेऊन तो बोलत राहतो, उघडत नाही, आणि वाचकाचा जीव टांगणीला लागतो. त्यानंतर टेबलावर जो कल्लोळ माजतो त्यात बहीण विंचवांवर पाणी फेकते ते आईच्या अंगावर पडते, आणि कुत्रा काहीतरी करायला हवे म्हणून मोलकरणीच्या घोट्याला चावतो. मुलाला या सगळ्यात एकच चिंता असते, की विंचवांना कोणी मारू नये. मी त्या कुत्र्यापाशी फुटले. घरात सर्वांत प्रामाणिक तोच होता.

समास

अनुक्रमणिका यांनी भाषेच्या दांडगाईचा उल्लेख केला, म्हणून थोडे अनुवादाविषयी. कोटी भाषांतरात मरते, हे सर्वांना ठाऊक आहे. प्रसंगनिष्ठ विनोद मात्र वाट्टेल त्या भाषेत तग धरतो. पॉजर काका खाटेजवळ बसल्या बसल्या मराठीत आले आणि टाक्यांपर्यंत पोचले. उलट वुडहाउसचे जे खरे बळ आहे, म्हणजे भारदस्त शब्दाच्या शेजारी पोरकट शब्द आणून बसवणे, ते दुसऱ्या भाषेत न्यायचे तर त्या भाषेतल्या भारदस्तपणाची आणि पोरकटपणाची नवी जोडी जमवावी लागते. नुसते शब्द बदलले तर गोष्ट राहते आणि हसू जाते.

जोसेफ हेलर यांच्या ‘कॅच-२२’चेही (१९६१) नाव येथे यायला हवे. मेजर मेजर हा अधिकारी हुकूम काढतो, की मी कार्यालयात असताना कोणालाही आत सोडायचे नाही. ज्याला भेटायचे असेल त्याला मी बाहेर गेल्यावर आत पाठवावे. हा हुकूम तो अत्यंत सौजन्याने देतो. मी हसलो, आणि पन्नास पाने पुढे गेल्यावर आपण हसलो याची लाज वाटू लागली, कारण त्याच तर्काने तेथे माणसे मरत असतात.

मलपृष्ठ

दुसऱ्या वाचनाविषयी कोणी लिहिले नाही. बक्षीस समारंभाचे पान मी आता पाच-सहा वेळा वाचले असेल. पहिल्या वेळी मी समारंभ सुरू झाल्यावर हसलो. आता गसीने व्हिस्कीकडे पाहिले की तेथेच सुरुवात होते. काय घडणार हे ठाऊक असल्याने हसू कमी व्हायला हवे होते, ते नुसते अलीकडे सरकले आहे.

आणि एक राहिले. ‘व्यक्ती आणि वल्ली’मधला सखाराम गटणे आठवतो का? अति वाचनामुळे ज्याची बोलीभाषाच छापील झाली आहे, तो? हा सबंध धागा मी आत्ता वरपासून वाचून काढला. आपण सगळे ज्या भाषेत हसण्याविषयी लिहीत आहोत, ती पाहता गटणे आपल्यातच कुठेतरी सदस्य असावा, अशी माझी दाट शंका आहे.

दुसरी आवृत्ती

मलपृष्ठ, आपला प्रतिसाद वाचून माझा आवाज फुटला. पुस्तक नसल्याने अटीत बसत नाही, तरी नोंद घ्यावी.

शुद्धिपत्र

गटणे मीच असेन, ते मान्य. आता पुढचे ऐकावे.

आपल्या आग्रहावरून काल रात्री ‘थ्री मेन इन अ बोट’ घेऊन बसलो. वैद्यकाच्या ग्रंथापाशी काही झाले नाही. पॉजर काकांपाशी काही झाले नाही. येथे एवढी चर्चा वाचल्यावर ते होणे शक्यही नव्हते. मधल्या भागात नदीकाठच्या इतिहासाची आणि निसर्गवर्णनाची जी पाने आहेत ती मात्र मी मनापासून वाचली. जेरोमला मुळात थेम्स नदीचे गंभीर वर्णन करणारे पुस्तकच लिहायचे होते, हे मला माहीत होते, आणि त्या पानांवर तो हेतू अजून शिल्लक दिसतो. बरेच वाचक ती पाने गाळतात. गाळू नयेत. त्या सपाट रस्त्यावर माणूस बेसावध होतो.

मग बाराव्या प्रकरणात तिघांना अननसाचा डबा सापडतो. डबा फोडायचे साधन घरी राहिले आहे. ते चाकूने पाहतात, कात्रीने पाहतात, नावेच्या आकडीने पाहतात, आणि प्रत्येक वेळी डबा शाबूत राहून कोणीतरी जखमी होतो. शेवटी एक जण धारदार दगड डब्यावर धरतो आणि दुसरा नावेची डोलकाठी उचलून सगळ्या शक्तीनिशी खाली आणतो. त्या दिवशी जॉर्जचा जीव त्याच्या गवती टोपीने वाचवला, असे निवेदक सांगतो, आणि ती टोपी त्याने अजून जपून ठेवली आहे, असेही सांगतो. डब्याचे पुढे काय झाले ते तो मग सांगतो. पण मी टोपीपाशीच अडकलो होतो. जो आवाज आला तो माझाच होता, हे कळायला मला थोडा वेळ लागला. रात्रीचे पावणेबारा वाजले होते.

पत्नी उठून आली. काय झाले म्हणून तिने विचारले, मी टोपीचे वाक्य वाचून दाखवले, आणि ती काहीच न बोलता माझ्याकडे पाहत राहिली. मग मी डबा सापडतो तेथपासून वाचले. कात्रीपर्यंत ती दारातच उभी होती, डोलकाठी उचलली तेव्हा खुर्चीवर बसली. आमच्या आवाजाने आई जागी झाली. तिला पुन्हा सुरुवातीपासून वाचून दाखवावे लागले, आणि तिला मराठीत सांगताना डोलकाठीचा मराठी शब्द मला ऐन वेळी आठवेना, म्हणून मी हातानेच उचलून दाखवली.

आज सकाळपासून पुस्तक जागेवर नाही. आईला इंग्रजी वाचायला वेळ लागतो. ती शब्दकोश घेऊन बसली आहे. तिच्या खोलीतून बराच वेळ काही ऐकू येत नाही, आणि मग एकदम ऐकू येते.